दोन टक्के म्हणजे किती? एका तक्त्याची उलटतपासणी

दिवाळीला दीड महिना असताना चिपळूणच्या मावशीने एक फोटो पाठवला. लॅमिनेट केलेला कागद, वर हिरवी पानं, मध्ये एक तक्ता आणि तळाशी ठळक अक्षरात ‘नैसर्गिक, म्हणून सुरक्षित’. इसेन्शियल ऑइलच्या बाटल्या ज्याच्याकडून घेतल्या त्यानेच हा कागद फुकट दिला होता. खाली मावशीचा मेसेज: ‘तू केमिस्ट्रीवाली ना? हे बरोबर आहे का तेवढं सांग. यंदा गटातर्फे उटण्यासोबत गवती चहाचं मसाज तेल काढतोय.’

मी फोटो मोठा करून पाहिला आणि चहा पीत लिहिलं, ‘संध्याकाळी फोन करते.’ माझी पीएच.डी. टर्पिन नावाच्या रेणूंवर आहे, म्हणजे बहुतेक इसेन्शियल ऑइलमधला मुख्य माल. ते हवेत उघडे राहिले की त्यांचं काय होतं, हे मी चौथं वर्ष मोजते आहे. त्यामुळे उत्तर पाच मिनिटांत देता येईल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात आठवडा गेला. तक्त्यात एकही ढळढळीत चूक नाही, गणित जुळतं, आणि तरीही त्यावर विसंबून तेल बनवू नये असं माझं मत झालं. ते का, ते इथे सविस्तर लिहिते. असाच तक्ता तुमच्याही फोनमध्ये कुठेतरी असणार.

तक्ता असा आहे. ३० मिली बेस तेलात (तिळाचं, बदामाचं, खोबरेल) ३ थेंब म्हणजे अर्धा टक्का, लहान मुलांसाठी. ६ थेंब म्हणजे १ टक्का, चेहऱ्यासाठी आणि वयस्कर माणसांसाठी. १२ थेंब म्हणजे २ टक्के, मोठ्या माणसांच्या अंगाला. ३० थेंब म्हणजे ५ टक्के, ‘दुखण्यावर, थोडे दिवस’. बस्स. कुठलं तेल, हे तक्ता विचारतच नाही.

आधी त्याचं श्रेय त्याला देऊ. ‘शुद्ध तेल आहे, पातळ करायची गरज नाही, थेट लावा’ असं सांगणारेही बाजारात आहेत, आणि त्यांच्यापुढे हा तक्ता शहाणाच म्हणायचा. थेट लावण्याच्या बाजूने लॅव्हेंडरची गोष्ट नेहमी सांगितली जाते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रेने-मॉरिस गाटफॉसे यांचा हात भाजला, त्यांनी तो शेजारच्या लॅव्हेंडर तेलाच्या भांड्यात बुडवला आणि हात बरा झाला, अशी. हाताला इजा झाली हे खरं आहे. १९१० साली प्रयोगशाळेत स्फोट झाला होता, पण भांड्यात हात बुडवल्याची बाब नंतर चिकटलेली आहे. त्यांनी स्वतः १९३७च्या पुस्तकात लिहिलंय ते असं, की जखमा चिघळून गँगरीन झालं आणि मग लॅव्हेंडरच्या अर्काने धुतल्यावर ते थांबलं. एका माणसाचा एक अनुभव, तोही मरणाच्या दारातला. त्यावरून रोज गालाला काय लावावं हे ठरवता येत नाही.

आता तक्ता. पहिली अडचण थेंबाची.

३० मिलीमध्ये १२ थेंब म्हणजे २ टक्के, हे गणित १ मिली म्हणजे २० थेंब असं धरून केलंय. हा २० कुठून आला? तो पाण्याचा आहे. युरोपातल्या औषधशास्त्राच्या अधिकृत ग्रंथात प्रमाणित ड्रॉपरची व्याख्याच अशी आहे, की त्यातून पडलेल्या पाण्याच्या २० थेंबांचं वजन १ ग्रॅम भरावं. ड्रॉपरच्या तोंडाला लोंबणारा थेंब पृष्ठताणावर टिकून असतो. वजन पृष्ठताणापेक्षा जास्त झालं की तो सुटतो. हा टेटचा नियम, बारावीच्या फिजिक्समधला. पाण्याचा पृष्ठताण साधारण ७२ एकक (मिलिन्यूटन प्रति मीटर), तर बहुतेक इसेन्शियल ऑइलचा २५ ते ३०च्या आसपास. म्हणजे त्याच ड्रॉपरमधून तेलाचा थेंब पाण्याच्या थेंबाच्या निम्म्याहूनही लहान पडणार आणि १ मिलीत ४५-५० थेंब बसणार. पण बाटलीच्या तोंडाला जी प्लास्टिकची चकती असते तिची कड वेगळी, भोक वेगळं, त्यामुळे तिथे आकडा पुन्हा बदलतो. बाटली तिरकी धरली की उभी, तेल वाळ्यासारखं घट्ट आहे की लिंबासारखं पातळ, खोली गार आहे की गरम, सगळ्याने फरक पडतो.

विश्वास नसेल तर औषधाच्या बाटलीवरचं ५ मिलीचं माप घ्या आणि थेंब मोजत भरा. दोन वेगवेगळ्या बाटल्यांनी करा. मावशीला मी हेच करायला लावलं आणि तिने ‘छे, हे काय भलतंच’ असं म्हणत दुसऱ्यांदा मोजलं.

गंमत अशी की ही चूक बहुतेक वेळा वापरणाऱ्याच्या पथ्यावर पडते. थेंब लहान म्हणजे तेल कमी गेलं. तरी मला ती खटकते. तक्ता ‘२ टक्के’ असं ठामपणे लिहितो आणि प्रत्यक्षात तुमच्या बाटलीत १ आहे की अडीच हे कोणालाच माहीत नसतं. एकट्याने घरी वापरायला चालेल. विकायला?

दुसरी अडचण मोठी आहे आणि मावशीचा प्रश्न खरा तिथेच अडकतो. सगळ्या तेलांना एकच टक्का.

या विषयावरचा सध्याचा सगळ्यात मोठा संदर्भग्रंथ म्हणजे रॉबर्ट टिसरँड आणि रॉडनी यंग यांचा ‘इसेन्शियल ऑइल सेफ्टी’. दुसरी आवृत्ती २०१४ची, ४०० तेलांची स्वतंत्र माहिती, विटेएवढा जाड. त्यात त्वचेवर वापरायची कमाल मर्यादा प्रत्येक तेलाला वेगळी आहे. टी ट्री १५ टक्के. पेपरमिंट ५.४. लवंगकळी ०.५. गवती चहा ०.७. दालचिनीच्या सालीचं तेल ०.०७. हे आकडे पुन्हा एकदा वाचा. टी ट्री आणि दालचिनीची साल यांच्यात दोनशे पटींहून जास्त अंतर आहे आणि आपला तक्ता दोघांना २ टक्क्यांच्या एकाच रांगेत बसवतो. टी ट्रीसाठी ते भित्रेपणाचं आहे, दालचिनीसाठी मर्यादेच्या जवळजवळ तीसपट.

गवती चहाचा ०.७ कसा येतो ते बघण्यासारखं आहे. या तेलात सिट्रल नावाचं अल्डिहाइड बहुतांश असतं, अनेक नमुन्यांत ७० ते ८० टक्क्यांच्या घरात. लिंबासारखा वास येतो तो त्याचाच. सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संस्था इफ्रा हिने अंगाला लावून ठेवायच्या उत्पादनांत सिट्रलला ०.६ टक्क्यांची मर्यादा घातली होती. तेलात जास्तीत जास्त ८५ टक्के सिट्रल धरलं तर ०.६ भागिले ०.८५, म्हणजे ०.७. मर्यादा तेलाची दिसते, पण खरी ती त्यातल्या एका रेणूची आहे. मावशीचं २ टक्क्यांचं तेल तिच्या जवळजवळ तिप्पट.

सिट्रलचा दोष काय? तो जळजळ करतो म्हणून नव्हे. इथे दोन गोष्टींची गल्लत होते आणि तक्ते ती वाढवतात. एक आहे जळजळ, म्हणजे इरिटेशन. पदार्थ तीव्र असला की कोणाच्याही कातडीला झोंबतो, लाल होतं, धुतलं की शमतं, पातळ केलं की थांबतं. दुसरी आहे ॲलर्जी बसणं. सिट्रलसारखे छोटे रेणू त्वचेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतात, आणि आपली रोगप्रतिकारयंत्रणा त्या जोडगोळीला परकं समजून लक्षात ठेवते. त्या वेळी काहीच दिसत नाही. खाज नाही, पुरळ नाही. काही आठवड्यांनी, कधी काही वर्षांनी, तोच रेणू पुन्हा भेटला की चट्टे उठतात आणि मग अगदी कमी प्रमाणही पुरतं. ही आठवण सहसा पुसली जात नाही. सिट्रल काय फक्त मसाज तेलात असतं? साबण, शाम्पू, भांडी घासायचा लिंबाचा जेल, डिओ. ज्याला ॲलर्जी बसली त्याने दर बाटलीचं मागचं लेबल वाचत आयुष्य काढायचं.

इथे मला टिसरँड-यंग यांच्या ग्रंथाबद्दलही कुरकूर करायची आहे. तक्त्यापेक्षा तो कितीतरी प्रामाणिक आहे, दर आकड्यामागे संदर्भ देतो, जिथे माहिती उसनी आहे तिथे तसं म्हणतो. पण तोही शेवटी बहुतेक तेलांपुढे एकच आकडा ठेवतो, आणि वाचणारा नेमका तोच उचलतो. इफ्राची मूळ पद्धत अशी नाही. तिथे उत्पादनांचे १२ गट आहेत. ओठांचं वेगळं, काखेतलं वेगळं, अंगाचं लोशन वेगळं, धुऊन टाकायचा साबण वेगळा, आणि एकाच रेणूची मर्यादा या गटांत कित्येक पटींनी बदलते. कारण ॲलर्जीच्या दृष्टीने टक्का हे एकक मुळातच अपुरं आहे. महत्त्वाचं असतं ते त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरवर किती मायक्रोग्रॅम पडलं ते.

हे कागदावर करून बघू. मोठ्या माणसाच्या अंगाचं क्षेत्रफळ साधारण १६,००० चौरस सेंटिमीटर. अभ्यंगाला २ टक्क्यांचं १० मिली तेल अंगभर चोळलं तर दर चौरस सेंटिमीटरवर सुगंधी तेल पडतं साधारण ११ मायक्रोग्रॅम. तेच २ टक्क्यांचं तेल रोल-ऑनमध्ये भरलं आणि ५० मिलिग्रॅम मनगटाच्या १० चौरस सेंटिमीटरवर फिरवलं, तर पडतं १००. टक्का तोच, मात्रा नऊपट. आणि बाटलीतला शुद्ध थेंब, समजा २५ मिलिग्रॅमचा, नाण्याएवढ्या जागेवर थेट लावला तर सहा हजारांच्या वर. तक्त्यात मसाज तेल आणि रोल-ऑन यांना वेगळी ओळच नाही.

मग इफ्राचे आकडे तरी पक्के का? ते ठरवताना माणसांवर केलेल्या चाचण्यांचा मोठा वाटा असतो. साधारण शंभर स्वयंसेवक घेतात, तीन आठवड्यांत नऊ वेळा पाठीवर किंवा दंडावर पट्टी लावतात, दोन आठवडे विश्रांती देतात, मग नव्या जागी पुन्हा पट्टी. कोणालाच ॲलर्जी दिसली नाही तर ती मात्रा ठीक मानतात. पण शंभरात शून्य याचा अर्थ शून्य टक्के असा होत नाही. संख्याशास्त्रातला ‘तीनचा नियम’ सांगतो की १०० जणांत एकही प्रकार घडला नसेल, तरी खरं प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत असू शकतं असं ९५ टक्के खात्रीच्या हिशेबात धरावं लागतं. म्हणून नंतर वर सुरक्षिततेचे गुणक लावून आकडा आणखी खाली आणतात. हे सगळं एका निरोगी, न खरचटलेल्या कातडीसाठी. इसब असलेल्याच्या, नुकतं शेव्हिंग केलेल्याच्या, डायपरखाली झाकलेल्या बाळाच्या कातडीतून जास्त आत जातं.

बाळांच्या रांगेबद्दल तर मला तक्त्याचा रागच आला. अर्धा टक्का, ३ थेंब, पण कशाचे? नीलगिरीचे की पुदिन्याचे की कापराचे? मेंथॉल, सिनिऑल (नीलगिरीचा मुख्य घटक) आणि कापूर ही लहान मुलांच्या नाकातोंडाजवळ लावायची वस्तूच नाही. मेंथॉलने तान्ह्या मुलाचा श्वास अडकू शकतो आणि कापराने आकडी येऊ शकते. अमेरिकेत औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या मलमांत कापूर ११ टक्क्यांहून जास्त ठेवायला मनाई आहे, आणि तीही आकडीच्या प्रकरणांनंतरच आली. आपल्याकडे सर्दीला खोबरेलात कापूर कढवून बाळाच्या छातीला चोळण्याची पद्धत घरोघर आहे. चिमूटभर म्हणजे किती, हे त्या घरातल्या आजीच्या बोटांवर अवलंबून. इथे कुठल्याही टक्क्याचा उपयोग नाही, ‘लावू नका’ हीच ओळ हवी होती.

आता तक्त्यात जे रकानेच नाहीत, त्यांच्याबद्दल.

पहिला नसलेला रकाना: बाटली कधी उघडली. माझा स्वतःचा विषय असल्याने इथे जरा रेंगाळते, सहन करा. लॅव्हेंडरमधला लिनालूल किंवा संत्र्याच्या सालीतला लिमोनीन ताजा असताना फारसा ॲलर्जी आणणारा नाही. पण हवेतला ऑक्सिजन हळूहळू त्याला लागतो आणि हायड्रोपेरॉक्साइड नावाची संयुगं तयार होतात. ती मात्र जोरदार ॲलर्जी आणतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात आन-तेरेस कार्लबर्ग यांच्या गटाने यावर वर्षानुवर्षं काम केलंय. तेलात नैसर्गिक अँटिऑक्सिडंट असतात, ते सांभाळून घेतील, असा एक समज होता. याच गटाने २००८ मध्ये लॅव्हेंडर तेल हवेत ठेवून दाखवलं की असं संरक्षण त्यात नाही, ते शुद्ध लिनालूलसारखंच खराब होतं. पुढे २०१२च्या एका अभ्यासात त्वचारोगाच्या दवाखान्यांत आलेल्या २,९०० रुग्णांना ऑक्सिडाइज झालेल्या लिनालूलची पट्टी लावली, तेव्हा ६.९ टक्के लोकांची त्वचा उठली. हे दवाखान्यात आलेले लोक आहेत, रस्त्यावरचे नाहीत, त्यामुळे आकडा जसाच्या तसा सगळ्यांना लावू नका. पण ही तक्रार दुर्मीळ नाही एवढं त्यातून नक्की कळतं.

आमच्या लॅबमध्ये या बाटल्यांत नायट्रोजन भरून फ्रीजमध्ये ठेवतो. दुकानात त्या काचेच्या कपाटात दिव्याखाली मांडलेल्या असतात, अर्धी भरलेली टेस्टर बाटली सगळ्यात पुढे. अर्धी बाटली म्हणजे अर्धी हवा. तुमच्याकडचं दोन वर्षांपूर्वी उघडलेलं लॅव्हेंडर तुम्ही १ टक्क्याने वापरा की २ टक्क्यांनी, तुम्ही नेमकं काय पातळ करताय हेच बदललेलं असतं.

दुसरा नसलेला रकाना: हे तेल कालवतं कोण. मावशीने फोनवर जाता जाता सांगितलं, की गटातल्या एका ताईंच्या बोटांच्या बेचक्यांत महिनाभर खाज आहे, त्या ‘साबणाने असेल’ म्हणतात. ताई गेले दोन महिने नमुन्याची तेलं उघड्या हाताने कालवतायत, बाटल्या भरतायत, सांडलेलं पुसतायत. अभ्यंग करणारी बाई वर्षातून चार दिवस तेल लावणार, ताई रोज. तक्त्यात ‘मोठी माणसं’ आहेत, ‘लहान मुलं’ आहेत, ताई कुठेच नाहीत. फिलाडेल्फिया परिसरातल्या ३५० मसाज करणाऱ्यांचा २००४ साली छापून आलेला एक अभ्यास आहे. वर्षभरात हाताचा त्वचादाह झाल्याचं १५ टक्क्यांनी स्वतः सांगितलं, लक्षणांच्या प्रश्नावलीने मोजलं तर २३ टक्के निघाले, आणि सुगंधी तेलं वापरणाऱ्यांत ही शक्यता सुमारे तिप्पट होती. ताईंचं नेमकं काय आहे हे मी फोनवर सांगू शकत नाही, साबणही असेल. पण मी मावशीला म्हटलं, ‘आधी त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे ने, आणि तोवर तेलाच्या कामावरून उठव.’ मावशी जरा गप्प झाली. दिवाळीच्या तोंडावर दोन हात कमी होणं तिला परवडणारं नव्हतं, हे मलाही कळत होतं.

तक्त्याखाली दोन ‘टिपा’ही आहेत. ‘आधी हाताला पॅच टेस्ट करा, २४ तासांत काही झालं नाही तर बिनधास्त वापरा.’ घरची पॅच टेस्ट फक्त एवढंच सांगते की तुम्हाला आधीच ॲलर्जी बसलेली आहे का. पुढे बसेल का, हे ती सांगूच शकत नाही, कारण बसायलाच दहा-पंधरा दिवस लागतात. जी बसलेली आहे तीही २४ तासांत दिसेलच असं नाही. डॉक्टर पट्टी दोन दिवस ठेवतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासतात. आणि ही टेस्ट शुद्ध तेलाने करणं म्हणजे, वरचं गणित आठवा, सहा हजार मायक्रोग्रॅमचा डोस स्वतःला देणं. करायचीच तर तयार, पातळ केलेल्या तेलाने.

दुसरी टीप: ‘आंघोळीच्या बादलीत ५ थेंब टाका.’ वीस लिटर पाण्यात पाच थेंब म्हणजे किती पातळ, असं वाटतं ना? पण तेल पाण्यात विरघळत नाही. ते वर तरंगतं, शुद्धच राहतं, आणि तांब्याने पाणी घेताना आधी तेच वर येतं आणि अंगाला चिकटतं. नीलगिरी किंवा पुदिना असेल तर कुठे झोंबतं हे ज्याने अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको. पातळ करणं म्हणजे विरघळवणं. बेस तेलात ते होतं, पाण्यात होत नाही. खोबरेलाची एक गोम आहे: ते साधारण २४ अंशांखाली थिजतं. पुण्याच्या थंडीत अर्धवट थिजलेल्या खोबरेलात थेंब टाकून ढवळलं तर तेल एका जागी जास्त, दुसरीकडे कमी राहतं. आधी पूर्ण पातळ होऊ द्या, मग टाका.

तक्त्याच्या मागच्या बाजूला फायद्यांची यादी होती. मुरमांवर टी ट्री, कोंड्यावर टी ट्री, चिखल्यांवर टी ट्री, आणि शेजारी ‘संशोधनाने सिद्ध’. संशोधन खरंच आहे. १९९०मध्ये ऑस्ट्रेलियात १२४ जणांवर मुरमांचा प्रयोग झाला. टी ट्रीने गुण आला, बेन्झॉइल पेरॉक्साइडपेक्षा सावकाश आला, पण त्रास कमी झाला. पण तो ५ टक्क्यांचा जेल होता. पायाच्या बुरशीवरचा २००२चा प्रयोग २५ आणि ५० टक्क्यांच्या द्रावणांचा होता, १५८ रुग्णांवर, आणि त्यात तेल लावणाऱ्या चौघांना मध्यम ते तीव्र त्वचादाह झाला. आता तक्ता उलटा करा: चेहऱ्यासाठी १ टक्का. म्हणजे फायदा ५ आणि २५ टक्क्यांच्या प्रयोगातून उसना घ्यायचा, सुरक्षितता १ टक्क्यातून घ्यायची, आणि दोन्ही एकाच बाटलीवर छापायच्या. १ टक्क्याने मुरुमं जातात असं त्या प्रयोगाने कुठेही म्हटलेलं नाही. मी तक्त्यांवर आणि लेबलांवर सगळ्यात जास्त चिडते ती इथे. थेंबाची चूक अजाणता होते, ही होत नाही.

एवढं सगळं मावशीला फोनवर सांगितल्यावर ती म्हणाली, ‘अगं, तुझं सगळं पटलं. पण मी नेमकं काय करू ते सांग.’ रास्त होतं.

तर आम्ही असं ठरवलं. थेंब बंद. सोनार वापरतात तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो घ्यायचा आणि सगळं वजनाने करायचं. एक किलो तिळाच्या तेलाला गवती चहाचं ५ ग्रॅम, म्हणजे अर्धा टक्का. मर्यादा ०.७ आहे, पण गटाकडच्या तेलात सिट्रल किती हे तपासून आलेलं नाही, म्हणून खाली राहायचं. बाटल्या लहान घ्यायच्या, उघडल्याची तारीख झाकणावर मार्करने लिहायची, सहा महिन्यांपूर्वी उघडलेली बाटली अंगाच्या तेलात नाही. कालवताना नायट्राइलचे हातमोजे, कारण लॅटेक्सला तेल लागलं की ते सैल पडतं. लेबलवर घटक पूर्ण नावाने, ‘लहान मुलांसाठी नाही’, आणि रोल-ऑनचा विचार यंदा सोडायचा. वास कमी येतो अशी तक्रार आलीच. मावशीने पाठवलेल्या नमुन्याला मलाही तो कमीच वाटला.

लिंबाच्या तेलाचंही तिने विचारलं. लिंबाच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलात फ्युरानोकूमरिन असतात, ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजते आणि काळे डाग राहतात. ऊर्ध्वपातनाने काढलेल्या तेलात ही अडचण नसते. दोन्ही बाटल्यांवर ‘लिंबू’ एवढंच लिहिलेलं असू शकतं. ताई डॉक्टरांकडे जाऊन आल्या, पॅच टेस्टची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे. तोवर त्या उटण्याची पाकिटं भरतायत.

शेवटचा प्रश्न दालचिनीचा होता. थंडीत दालचिनीचं तेल खपतं म्हणे. मी म्हटलं, आधी विक्रेत्याला विचार, सालीचं की पानांचं. सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड, मर्यादा ०.०७ टक्के. पानांच्या तेलात युजेनॉल, मर्यादा ०.६. मावशीने विचारलं. तो म्हणाला, ‘काकी, दालचिनी म्हणजे दालचिनी.’ तिने ती बाटली घेतली नाही.